घोड्याची झूल कोणी ठरवावी?



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत अनेक विषय झाले असतील. आज मी घोड्याच्या झुलीचा विषय घेऊन उभा आहे. पत्रिकेत विषय छापून आला तेव्हा दोघा-तिघा स्नेह्यांनी मला अडवून विचारले, "कामगारांचे प्रश्न सुटले वाटते, म्हणून घोड्यांकडे वळलात?" कामगारांचे प्रश्न सुटलेले नाहीत. परंतु संघटनेच्या कामात तीस वर्षे एकच प्रश्न नाना रूपांनी माझ्यासमोर येत राहिला आहे. अंग एकाचे असते आणि त्या अंगावर काय घालायचे हे ठरवणारा दुसराच असतो. घोड्याच्या बाबतीत हा प्रश्न अगदी उघडा दिसतो, कारण घोडा तक्रार-अर्ज लिहीत नाही.

माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे जमवले ते वाचनालयाच्या बाकावर बसून आणि तबेल्यातल्या मोतद्दारांशी, टांगेवाल्यांशी बोलून. तेव्हा पशुवैद्याचा अधिकार मी सांगत नाही. जाणकारांनी तपासून पाहिलेल्या गोष्टी तेवढ्या आपल्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे झूल म्हटली की पोळ्याचा बैल डोळ्यांपुढे येतो. ती शोभेची झूल. आणि वसंत म्हटला की हे आजच्यासारखे उकाड्याचे दिवस. विलायतेतला वसंत निराळा. एप्रिलमध्ये तिकडे दिवसा दहा-बारा अंश उष्णता असली तर लोक संतुष्ट असतात. रात्री पारा गोठणबिंदूच्या जवळपास उतरतो. आणि त्यावर पाऊस व वारा. घोडा मात्र हिवाळा संपत आला म्हणून कुरणात मोकळा सोडलेला असतो. अशा दिवशी पहाटे मालकीणबाई खिडकीचा पडदा सारतात, बाहेर झोडपणारा पाऊस पाहतात आणि त्यांच्याच अंगावर काटा येतो. मग प्रश्न पडतो, घोड्यावर झूल घालावी की न घालावी?

तिकडची झूल म्हणजे घोड्याचा रेनकोट आणि रजई एकत्र. मेणकापडासारख्या जाड कॅनव्हासची, आतून लोकरीचे अस्तर असलेली झूल न्यूझीलंडमधून प्रचारात आली, म्हणून इंग्लंडात तिला न्यूझीलंड रग म्हणत. आता ती नायलॉन-पॉलिएस्टरची असते. आतल्या भरणीचे वजन दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये सांगतात: शून्य, १००, २००, ३००. दुकानात प्रत्येक हवेला एक झूल टांगलेली असते, आणि विकणाऱ्याला घोड्याची थंडी नेहमीच फार वाटते!

आता घोड्याचे अंग कसे आहे ते पाहू. उघड्या अंगाच्या माणसाला सुमारे २८ अंशांच्या खाली हवा उतरली की शरीराची ऊब राखण्यासाठी जादा खटपट करावी लागते. घोड्याचा हिशेब वेगळा. ज्याला मध्यम हवेची सवय आहे असा धडधाकट घोडा साधारण ५ ते २५ अंशांमध्ये विनासायास राहतो. कडक हिवाळ्याला सरावलेला, दाट केसांचा, पोटभर खाल्लेला घोडा कोरड्या हवेत शून्याखाली १५ अंशांपर्यंतही टिकाव धरतो. याला कारणे आहेत. त्याचा देह मोठा, त्या मानाने कातडीचे क्षेत्र थोडे. म्हणून उष्णता हळू जाते. गारठा पडला की केस उभे राहतात आणि त्यांच्यात हवा कोंडून राहते. केसांवर तेलकटपणा असतो, त्यावरून पाणी ओघळते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या पोटातली शेगडी. गवत व कडबा यांतला चोथा मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्यातून सतत ऊब निघते. वैरण हेच त्याचे सरपण. म्हणून थंडीच्या रात्री घोड्याला पहिली वस्तू द्यायची ती वाळलेले गवत. झुलीचा विचार त्यानंतर.

मग वसंतातच अडचण का यावी? कारण घोड्याची लोकर थर्मामीटर पाहून झडत नाही. ती दिवसाच्या लांबीवर झडते. दिवस मोठे होऊ लागले की हिवाळी केस सुटायला लागतात. फेब्रुवारी-मार्चपासून खरारा करताना मुठीमुठीने केस हातात येतात. एप्रिलअखेर जनावर निम्मेअधिक उघडे झालेले असते, आणि नेमका तेव्हा पावसाचा गार मारा आला तर जानेवारीत बर्फात निर्धास्त उभा राहिलेला घोडा मेमध्ये कुडकुडतो. त्यात ओल आणि वारा ही जोडी वाईट. भिजलेले केस कातडीला चिकटतात, कोंडलेली हवा निघून जाते, आणि वारा उरलेली ऊब पळवतो. नुसत्या कोरड्या थंडीपेक्षा पाच-सात अंशांवरचा पाऊस आणि वारा अधिक जड जातो तो यामुळे.

तरी रिमझिम आली की झूल घ्या असेही नाही. हलक्या पावसात केसांची टोके भिजतात, मुळाशी कातडी कोरडीच असते. जाणता मोतद्दार खिडकीतून निर्णय करीत नाही. तो कुरणात जातो, पाठीवरचे केस बोटांनी दुभंगतो आणि मुळाशी ओल पोहोचली का ते पाहतो. घोडा वाऱ्याकडे पाठ करून कुंपणाच्या आडोशाला शांत चरत असेल तर तो स्वतःची व्यवस्था स्वतः पाहतो आहे. पाठ कमानीसारखी करून, शेपूट दाबून, चरणे सोडून उभा असेल, अंग थरथरत असेल, तर आधी आडोसा आणि कोरडे गवत, आणि मग झूल. कान गार लागले एवढ्यावरून घाबरायचे कारण नाही. खांद्यामागे, छातीच्या बगलेत हात घालून पाहावे. झूल घातलेली असेल तर तिच्या आत हात सरकवावा. तिथे घामाचा ओलावा लागला तर झूल जास्त झाली.

काही जनावरांच्या बाबतीत मात्र वाट पाहू नये. म्हातारे, दात झिजल्याने वैरण नीट न चावता येणारे, हाडे दिसणारे, आजारातून उठलेले, नवजात शिंगरू, आणि ज्याचे केस माणसानेच कामासाठी यंत्राने कापले आहेत ते. या शेवटच्याचे तर उघड आहे. त्याचा कोट आपण काढून घेतला, तेव्हा दुसरा देणे हे आपले देणे लागते. त्यात उपकार नाही. उलट एक्समूरसारख्या डोंगराळ जातीच्या तट्टाला देवाने दुहेरी कोट दिलेला आहे. आत मऊ लोकर, बाहेर पाणी ओघळवणारे राठ केस. त्याच्यावर पातळ झूल चढवली तर त्याचे उभे राहणारे केस आपण दाबून टाकतो, म्हणजे पैसे खर्चून त्याची ऊब कमी करतो.

झुलीचे तोटे कोणी दुकानात सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. दिवसेंदिवस न काढलेल्या झुलीखाली खांदे व मानेचा उंचवटा सोलवटतो. ओल कोंडून कातडीला खवले धरतात. घोडा वाळत चालला तरी बरगड्या झाकलेल्या राहतात आणि मालकाला महिनाभर पत्ता लागत नाही. याउलट लठ्ठ घोड्याची चरबी हिवाळ्यात थोडी जळावी अशी निसर्गाची योजना. आपण त्याला उबेत ठेवतो, चरबी तशीच राहते, आणि वसंतात साखरेने भरलेले कोवळे गवत समोर येते. मग खुरांच्या आतल्या नाजूक पडद्यांना सूज येते. लॅमिनायटिस म्हणतात तो हा रोग. यात पाऊल टाकणे असह्य होते आणि पुष्कळदा घोडा कायमचा जातो. कनवाळूपणाने घातलेली झूल या रोगाला हातभार लावते.

आपल्या आजीबाईंनी घातलेले कोडे आठवा: भाकरी का करपली, घोडा का अडला? उत्तर एकच, फिरवले नाही म्हणून. हालचालीनेही ऊब येते. मोकळ्या कुरणातला घोडा चालून-पळून अंग गरम करतो. खुंट्याला बांधलेल्या घोड्याला ते करता येत नाही. म्हणजे ज्याला आपण बांधले त्याच्या थंडीची जबाबदारी आपल्यावर जास्त येते.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. सकाळी सहाला पाऊस आहे म्हणून झूल चढली. अकराला ऊन पडले. ती काढणार कोण? वसंतातली हवा एका दिवसात तीनदा पालटते. दिवसातून दोनदा झूल काढून, अंग तपासून, पुन्हा घालण्याइतके हात तबेल्यात नसतील, तर "झूल घालावी" हा हुकूम निम्माच हुकूम आहे. कागदावर निर्णय करणारा एक आणि चिखलात उभा राहणारा दुसरा, अशी वाटणी झाली की असे निम्मे हुकूम निघतात. आमच्या एका ठिकाणी व्यवस्थापनाने हमालांना रेनकोट दिले ते ऑगस्ट अर्धा उलटल्यावर, आणि सगळे एकाच मापाचे! कोणाचा गुडघ्यापर्यंत, कोणाचा बेंबीपर्यंत. कागदावर रेनकोटवाटप पूर्ण झाले. एकाही हमालाला आधी विचारले नव्हते, एवढीच त्या योजनेतली उणीव. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण आपण रोज वापरतो. पण कळते त्याला विचारण्याची चाल मात्र आपण पाडलेली नाही.

कोणी म्हणेल, हमालाला विचारता येईल, घोड्याला कसे विचारणार? सभ्य स्त्रीपुरुषहो, विचारले आहे. नॉर्वेतील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३ घोड्यांना तीन पाट्या ओळखायला शिकवल्या. एका पाटीवर आडवी रेघ: झूल घाला. दुसरीवर उभी रेघ: झूल काढा. तिसरी कोरी: आहे तसे असू द्या. रोज दहा-पंधरा मिनिटांची शिकवणी. दोन आठवड्यांच्या आत सगळे घोडे शिकले. मग निरनिराळ्या हवेत त्यांना विचारले. बऱ्या हवेत त्यांनी उघडे राहणे पसंत केले. पाऊस, वारा आणि गारठा यांच्या दिवशी झूल मागितली. निवड हवेप्रमाणे बदलली, म्हणजे ती उगाच नाक लावणे नव्हते.

या प्रयोगाने मला जितका आनंद झाला तितकीच लाजही वाटली. हजारो वर्षे आपण घोड्यावर बसलो. लढाया, टपाल, माल, वराती सगळे त्याच्या पाठीवरून नेले. त्याला मत आहे हे कळायला तीन पाट्या आणि चौदा दिवस पुरेसे होते. ते चौदा दिवस आपल्याला एकविसाव्या शतकात सापडले.

ही सगळी विलायतेची गोष्ट झाली, आपला काय संबंध, असे मनात आले असेल तर एक ठिकाण सांगून संपवतो. या सभागृहातले कित्येक जण पुढल्या पंधरवड्यात केदारनाथला जातील. गौरीकुंडापासून वर सुमारे १६ किलोमीटरची चढण, मंदिर साडेतीन हजार मीटरहून उंच. एप्रिल-मेमध्ये यात्रा उघडते आणि तिथे वसंतातला गार पाऊस, कधी हिमसुद्धा, ठरलेला. आपल्यातले पुष्कळ जण चढतात ते घोड्याच्या किंवा खेचराच्या पाठीवर. २०२२ च्या यात्रेत या वाटेवर अनेक घोडे-खेचरे मेली, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचले आहे. कारणे अनेक: अति फेऱ्या, अपुरी वैरण, अपुरी विश्रांती. त्यांत हेही लक्षात घ्या, की चढताना जनावर घामाने भिजते, वर पोहोचून उभे राहते, आणि भिजल्या अंगावर गार वारा बसतो. कुरणातल्या घोड्याला जी सवड असते ती याला नाही. इथे उभ्या जनावराच्या पाठीवर घोंगडी, पुढ्यात गवत आणि डोक्यावर छप्पर हवे. पुन्हा चालायला लागले की घोंगडी निघाली पाहिजे.

आणि ही घोंगडी आणायची कोणी? लगाम धरून चालणारा पोरगा पुष्कळदा जनावराचा मालक नसतो. तो रोजाने आलेला असतो. त्याच्या स्वतःच्या अंगावर प्लॅस्टिकचा कागद असतो. खेचर थरथरते आहे हे सर्वांत आधी त्यालाच कळते, पण "आज फेरी नको" म्हणण्याचा अधिकार त्याला नसतो. म्हटले तर रोज बुडतो. जनावराची कणव करणाऱ्यांनी त्या पोरावर डोळे वटारावेत आणि फेऱ्यांचा हिशेब ठेवणाऱ्याला मोकळे सोडावे, हा न्याय मला मान्य नाही. ज्याचा हात पाठीवर आहे त्याच्या शब्दाला वजन दिल्याशिवाय त्या पाठीचे भले होणार नाही. माणसाचा आणि जनावराचा प्रश्न इथे एकच होतो.

आपण तिथे गेलात तर बसण्यापूर्वी दोन मिनिटे काढा. हात जनावराच्या खांद्यामागे ठेवा. त्या पोराला विचारा, आजची कितवी फेरी, वर गेल्यावर याच्या पाठीवर काय टाकतोस, आणि तू काय पांघरतोस? उत्तर समाधानकारक नसेल तर पाय धड असणाऱ्यांनी चालावे; ज्यांना चालवत नाही त्यांनी दुसरे, विसावलेले जनावर मागावे आणि थांबण्याच्या वेळेचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. भाव पाडून मिळवलेले शंभर रुपये शेवटी कोणाच्या तरी वैरणीतून गेलेले असतात.