साहेबांची गाडी आणि चारोटी नाका

डहाणू-तलासरीकडे मोर्चा निघणार अशी बातमी आली, की मुंबईच्या ऑफिसांतून विचारणा सुरू होते. साहेबांना उद्या वापीच्या कारखान्यात जायचंय, पाठवायचं का? सोबत रक्षक द्यायचे का? गाडी आतल्या रस्त्यानं काढली तर?

माझं उत्तर अनेकांना उलटं वाटतं. इथल्या मोर्चाला फारसं भिऊ नका. १९४५च्या वारली उठावापासून, त्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या काळापासून, या भागाला लाल बावट्याची आणि संघटित आंदोलनाची सवय आहे. वाढवण बंदराच्या विरोधात किनाऱ्यावरचे मच्छीमारही वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरत आलेत. अशा आंदोलनाची तारीख आधी जाहीर होते, पोलिसांना निवेदन जातं, पुढं पुढारी असतो. म्हणजे बोलायला माणूस असतो. हायवेवरच्या चारोटी नाक्यावर रास्ता रोको झाला तर गाडी बाजूला घ्या, हॉर्न वाजवू नका, मोबाइलवर चित्रण करत बसू नका. बहुतेक वेळा मीटिंग चुकते, एवढंच.

धोका वेगळ्याच जागी असतो. १६ एप्रिल २०२०ची रात्र आठवा. टाळेबंदी होती. कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक हायवे सोडून आतल्या रस्त्यानं चालले होते. डहाणू तालुक्यात, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीपाशी, गडचिंचले गावाजवळ त्यांची गाडी अडवली गेली. मुलं पळवणारे, चोर फिरताहेत, अशा अफवा पाड्यापाड्यांवर आधीच पोचल्या होत्या. पोलीस आले, तरी त्यांच्यादेखत जमावानं तिघांना ठार मारलं. तिथं झेंडा नव्हता, मागणी नव्हती. बोलायचं तरी कुणाशी?

म्हणून हायवे अडला की मोबाइलचा नकाशा दाखवील त्या आडवाटेला, तेही अंधारात, गाडी घालू नका. थांबा, नाहीतर मागं फिरा. निघण्याआधी कासा किंवा तलासरी पोलीस ठाण्यात चौकशी करा. वारली बोलणारा इथलाच चालक मला दोन बाउन्सरांपेक्षा मोलाचा वाटतो. धिप्पाड अनोळखी माणसांनी भरलेली गाडी पाड्यावर शिरली, तर संशय वाढायचाच. काम डहाणूतच असेल, तर २०१३पासून डहाणू रोडपर्यंत लोकल येते. साहेबांना तिचं वावडं असतं, हा भाग निराळा.

आणि याच हायवेवर उद्योगजगताला बसलेल्या मोठ्या धक्क्याचा आंदोलनाशी काहीच संबंध नव्हता. ४ सप्टेंबर २०२२ला, रविवारी भरदुपारी, टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. रक्षकांचं बिल मंजूर करणाऱ्या किती कंपन्या मागच्या सीटच्या पट्ट्याबद्दल आपल्या साहेबांना टोकतात?