इंजिनाच्या बेरिंगची झीज : वेळीच ओळखा



ऐन पाण्याच्या पाळीला विहिरीवरचे डिझेल इंजिन बंद पडले, तर उभे पीक डोळ्यांदेखत सुकते. अशा बिघाडाचे एक नेहमीचे कारण म्हणजे बेरिंगची झीज. आज त्याविषयी थोडे बोलू.

कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांच्या जोडावर बेरिंगचे दोन अर्धगोल पत्रे असतात. त्यांच्या आतल्या अंगाला मऊ मिश्रधातूचा थर असतो. पुष्कळजण फिटरला सांगतात, "कडक बेरिंग टाक बाबा, झिजायला नको." पण मंडळी, हा थर मुद्दामच मऊ ठेवलेला असतो.

काही इंजिनांत हा थर पांढऱ्या धातूचा असतो. त्याच्या एका प्रकारात १०० भागांत सुमारे ८९ भाग कथील, साडेसात भाग अँटिमनी आणि साडेतीन भाग तांबे असते. मऊ कथलात बारीक कठीण कण असतात. ते भार पेलतात. ऑइलातून आलेला कचरा मऊ भागात रुतून बसतो आणि क्रँकला ओरखडे पडत नाहीत. बेरिंग झिजले तर नवे बसवता येते. क्रँक खराब झाला, तर तो खोलून ग्राइंडिंगला न्यावा लागतो. त्यात पैसाही जातो अन् दिवसही जातात.

मात्र बेरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलाचा पातळ थर हवाच. तो तुटला की धातूवर धातू घासतो. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. मग बेरिंग जळून इंजिन जाम होते.

म्हणून एवढे करा :

१) इंजिन चालू करण्यापूर्वी रोज ऑइलाची पातळी पाहा.

२) चालू केल्यावर थोडा वेळ भार न टाकता चालवा.

३) ऑइलाचा डबा झाकून ठेवा, नरसाळे पुसूनच वापरा.

४) पुस्तिकेत दिलेल्या तासांनंतर ऑइल बदला. ऑइल दुधासारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजा.

५) ठकठक आवाज आला, की लगेच इंजिन थांबवा. फटीत कागद-पत्रा घालून वेळ मारून नेऊ नका.

आणखी एक सोपी परीक्षा सांगतो. ऑइल बदलताना जुन्या ऑइलाचा तळाचा गाळ कागदावर घ्या आणि कागदाखाली लोहचुंबक फिरवा. जे कण चुंबकामागे सरकतात ते लोखंडाचे, म्हणजे क्रँक, सिलिंडर किंवा रिंगा यांचे असू शकतात. जे चकाकतात पण हलत नाहीत, ते बेरिंगचे असू शकतात. कोणतेही कण जास्त दिसले, तर फिटरला दाखवून घ्या.

बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय आपण गाडी जुंपत नाही. इंजिनालाही तीच काळजी हवी.