औंढ्याच्या खडकातला समुद्र

हिंगोलीपासून अरबी समुद्र चारशे किलोमीटरहून दूर. तरीही त्याच्या लाटांची थरथर आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणात अहोरात्र चालू असते. पांगरा शिंदे भागात जमिनीतून येणारे आवाज किंवा 10 जुलै 2024 चा 4.5 तीव्रतेचा धक्का आपल्याला ठाऊक आहे. ही थरथर तशी नव्हे. ती माणसाला जाणवत नाही, भूकंपमापकाला मात्र कळते.

तिचे कोडे मोठे होते. समुद्रात लाट 12 सेकंदांनी येत असेल, तर जमीन 6 सेकंदांनी हलते. शिवाय लाटेचा दाब खोल पाण्यात विरून जातो, मग तळ हलतो कसा? मायकेल लाँगे-हिगिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1950 मध्ये, पंचविशीच्या आतच, त्याची उकल मांडली. सारख्या लांबीच्या लाटा समोरासमोरून येऊन एकमेकींत मिसळल्या, की निम्म्या वेळात बदलणारा दाब तयार होतो आणि तो न विरता तळापर्यंत पोचतो. महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश नौदलाच्या प्रयोगशाळेत हे गृहस्थ लाटांच्या कामाला लागले आणि जन्मभर लाटांचे गणित मांडत राहिले.

याच थरथरीतून समुद्रावरचे बर्फही वाचता येते, हे मला फार विलक्षण वाटते. हिवाळ्यात अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र गोठला, की लाटा दबतात आणि तिथल्या खडकातली थरथर उतरते. उन्हाळ्यात बर्फ वितळले, की पुन्हा चढते.

आता औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याला, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातले सूक्ष्म ताण, टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटरच्या. तिथे आरशांची प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी हालचाल मोजायची. त्यापुढे समुद्राची थरथर अब्जावधी पटींनी मोठी! म्हणून तर जागा निवडताना जमीन किती शांत आहे, हे तपासले गेले. आरसे लोलकांना टांगतात आणि त्यांचे मंच जमिनीच्या उलट हलवून थरथर खोडतात. तरी अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनच्या लायगो वेधशाळेत, मेक्सिकोच्या आखातात वादळ उठले, की यंत्र स्थिर ठेवणे अवघड जाते.

लायगोला पहिली गुरुत्वीय लहर सापडल्याचे 11 फेब्रुवारी 2016 रोजी जाहीर झाले. त्याच महिन्यात लाँगे-हिगिन्स वारले. आषाढात अरबी समुद्र खवळेल, तेव्हा दुधाळ्याच्या शास्त्रज्ञांना त्यांचेच गणित हाताशी धरावे लागेल. ते शिकणारी मुले आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतून तिथे जावीत, अशी माझी फार इच्छा आहे.