बँकॉकच्या ओवऱ्यांतला राम

(एका वसंत व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



प्रवासाचे अनुभव सांगण्यासाठी मला येथे बोलावले आहे. परंतु मी आज सांगणार आहे, ती आम्हा चार मित्रांची एका मंदिराच्या ओवरीत झालेली फजिती. आम्ही चौघे शाळासोबती. निवृत्तीनंतर एकदा तरी एकत्र परदेशी जायचे ठरले आणि खिशाला परवडणारे म्हणून बँकॉक निश्चित झाले. बँकॉकचे नाव काढताच लोक डोळे मिचकावतात. घरीही थट्टा झाली. त्यावर आम्ही मोठ्या रुबाबात उत्तर दिले, "आम्ही रामाचे नगर पाहायला चाललो आहोत."

ते उत्तर खोटे नव्हते. बँकॉक हे नाव मुख्यतः परकीयांच्या तोंडचे. तिथला माणूस आपल्या शहराला 'क्रुंग थेप' म्हणतो. म्हणजे देवांची नगरी. शहराचे संपूर्ण राजनाम जगातील सर्वांत लांब स्थलनामांपैकी एक आहे. त्यात महानगर, अमर, रत्न, महेंद्र, नवरत्न, राजधानी, विश्वकर्मा हे शब्द थाई उच्चारांत एकामागून एक येतात, आणि त्यांतच अयोध्याही येते. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने अयुथ्या ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केली. पुढे १७८२ साली, इतिहास ज्याला 'राम पहिला' म्हणून ओळखतो, त्या राजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्व तीरावर हे नगर वसविले आणि भस्मसात झालेल्या राजधानीचे नाव नव्या नगराच्या नावात गुंफले. पराभवानंतर उभे राहणारा समाज प्रथम आपली स्मृती सावरतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीने ता चांग धक्क्यावर उतरून आम्ही राजवाडा आणि त्यालगतचे वाट फ्रा केओ, म्हणजे पाचूच्या बुद्धाचे मंदिर, पाहायला गेलो. आमच्यातील एकाची तोकडी पँट दारावरच्या रक्षकाच्या नजरेस पडली. लांब विजार विकत घेऊन ती चढविल्यावरच त्याला आत प्रवेश मिळाला. देवाच्या दारात कसे जावे, हे आम्हाला परदेशात शिकावे लागले.

मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत १७८ भित्तिचित्रे आहेत. विषय एकच : 'रामकियेन', म्हणजेच रामकीर्ती. सोनेरी मुकुटांचे वीर, हिरव्या वर्णाचा दशकंठ, शुभ्र हनुमान. आमच्याबरोबर एक तरुण थाई मार्गदर्शिका होती. ती इंग्रजीतून एकेक प्रसंग सांगत होती. सेतुबंधनाच्या चित्रापाशी ती म्हणाली, की सेतू मोडण्यासाठी रावणाने आपली कन्या सुवर्णमत्स्या हिला पाठविले. हनुमान तिच्यावर अनुरक्त झाला आणि त्यांना मच्छानू नावाचा पुत्र झाला.

आमचा इंजिनिअर मित्र तिथेच थांबला. "हे साफ चूक आहे. आमचा मारुती ब्रह्मचारी आहे," तो मोठ्याने म्हणाला. मी मान डोलावली. तीस वर्षे मराठी शिकविलेला मी. माझ्या मानेला वजन होते!

ती मुलगी रागावली नाही. हात जोडून म्हणाली, "हा आमच्याकडचा राम. तुमच्याकडचा कसा आहे, ते सांगा ना. हनुमान पाताळात कसा गेला, तेही सांगा."

आम्ही चौघे गप्प! कोणाला दूरदर्शनवरची मालिका आठवत होती, कोणाला शाळेतला धडा. नाथांच्या भावार्थ रामायणावर मी वर्षानुवर्षे प्रश्नपत्रिका काढल्या, पण तो ग्रंथ सलग वाचलेला नव्हता. अखेर तीच सांगू लागली. मैयराप नावाचा राक्षस रामाला पाताळात पळवून नेतो. हनुमान शोधात जातो. वाटेवर पहारा देणारा तरुण त्याला अडवतो. तो असतो त्याचाच मुलगा, मच्छानू.

ऐकता ऐकता माझ्या अंगावर काटा आला. ही तर माझ्या आजीची गोष्ट! अहिरावण-महिरावण, पाताळाचे दार आणि तिथे उभा असलेला मकरध्वज. मारुतीच्या घामाचा थेंब मगरीने गिळला आणि तिच्या पोटी तो जन्मला, असे आजी सांगे. कोणी मगर म्हणतात, कोणी मासोळी. आजीने मारुतीचे ब्रह्मचर्यही राखले आणि त्याला पुत्रही दिला. मी हे सांगितल्यावर त्या मुलीचे डोळे चमकले. तिने वही काढून 'मकरध्वज' हे नाव लिहून घेतले. आमच्यापैकी कोणी 'मच्छानू' लिहून घेतले नव्हते.

दुपारी आम्ही देवस्थान पाहिले. १७८४ साली उभारलेल्या या मंदिरात शिव, गणेश आणि विष्णू यांची देवालये आहेत. थाई राजदरबारचे श्वेतवस्त्रधारी ब्राह्मण इथलेच. २०१९ च्या राज्याभिषेकातही त्यांचा सहभाग होता. समोर सागवानी खांबांचा प्रचंड झोपाळा. त्यावरचा उत्सव १९३५ नंतर बंद झाला. पण जीर्ण खांब मात्र पुढे नव्याने उभारले गेले.

संध्याकाळी होडीत इंजिनिअर मित्र बराच वेळ नदीकडे पाहत होता. मग म्हणाला, "अरे, मी तिची चूक काढायला गेलो आणि आपलीच गोष्ट तिच्या तोंडून ऐकून आलो."

बंधू-भगिनींनो, परदेशात आपले देव दिसले की आपली छाती फुगते. "हे सारे आपलेच," असे आपण म्हणतो. मूळ आपले, हे खरे. परंतु तिथल्या लोकांनी ते स्वीकारले, आपल्या भाषेत घोळविले, भिंतींवर रंगविले आणि रंग उडाले तेव्हा पुन्हा रंगविले. ते त्यांचेही झाले आहे. त्यांच्या घरी आपण आप्त म्हणून जावे, मालक म्हणून नव्हे. आणि आप्ताला निदान स्वतःच्या घरची गोष्ट तरी सांगता यायला हवी! वारसा सांगण्याचा अधिकार जन्माने मिळत असेल, पण तो टिकतो अभ्यासाने.

परतीच्या वेळी सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचे भव्य शिल्प लागले. एका बाजूस देव, दुसऱ्या बाजूस असुर, मध्ये वासुकी. त्यापुढे आम्ही छायाचित्र काढले. या वेळी "हे आपलेच" असे कोणी म्हणाले नाही. मंथनातून निघालेली चौदा रत्ने कोणती, हे आठवण्यात आम्ही गुंतलो होतो. अकरांवर अडलो.

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही चौघे एकाच्या घरी भावार्थ रामायण वाचतो. इंजिनिअर मित्र ओव्या म्हणतो, मी अर्थ सांगतो. अडले की दोघेही कोश उघडतो. युद्धकांड अजून दूर आहे. नाथांच्या हातून ते पूर्ण झाले नाही, त्यांचे शिष्य गावबा यांनी ते पूर्णत्वास नेले, असे परंपरा सांगते. आमच्याकडून राहिले, तर आमच्या नातवंडांनी ते पुढे न्यावे, एवढीच इच्छा आहे.