लाभांश आणि पडद्यांचे दुकान

पेन्शनीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या गृहस्थाची काळजी साधी असते. मुद्दल शाबूत राहावे आणि वर्षाकाठी काही रक्कम न मागता हाती यावी. ठेवीवरचे व्याज महागाईपुढे अपुरे पडू लागले, म्हणजे त्याची दृष्टी कंपन्यांच्या भागांकडे वळते आणि तेथे त्याला लाभांश भेटतो. लाभांश हा व्याजाचाच सख्खा भाऊ असावा, असे तो धरून चालतो. वास्तविक हे नाते बरेच दूरचे आहे.

व्याज हे देणे असते. बँकेला वर्ष कसे गेले याच्याशी ठेवीदाराला कर्तव्य नसते. ठरलेला दर तिला चुकवावाच लागतो. लाभांशाचे तसे नाही. नोकरांचे पगार, पुरवठादारांची बिले, जागेचे भाडे, कर्जाचे हप्ते आणि सरकारचा कर एवढी सगळी पंगत उठल्यावर पातेल्यात जे उरते, त्यातून संचालक मंडळाला योग्य वाटेल तेवढे भागधारकाच्या पानात पडते. एखाद्या वर्षी काहीच पडले नाही, तरी त्याला दाद मागता येत नाही. कारण तो सावकार नसून मालकांपैकी एक असतो.

हे समजून घ्यावयास पोलादाच्या कारखान्यापेक्षा पडदे, चादरी आणि उशा विकणारे दुकान अधिक सोयीचे. असे दुकान प्रत्येकाने आतून पाहिलेले असते. इंग्लंडमधील लेस्टर शहराच्या बाजारात १९७९ साली बिल आणि जीन ॲडर्ली या दांपत्याने पडद्यांचा एक ठेला मांडला. १९८४ साली त्यांचे पहिले दुकान निघाले आणि २००६ साली ही कंपनी ‘डनेल्म’ या नावाने लंडनच्या शेअरबाजारात आली. आज तिची वार्षिक विक्री १७० कोटी पौंडांहून अधिक आहे आणि भागांचा मोठा हिस्सा अद्याप ॲडर्ली कुटुंबाकडेच आहे. लाभांश वाटण्याचा निर्णय घेताना या कुटुंबाच्या स्वतःच्या पानाचाही विचार होत असणार, हे उघड आहे. लहान भागधारकाला ते बहुधा सोयीचेच पडते.

अशा दुकानात रोकड साठते, त्याचे कारण धंद्याच्या घडणीत आहे. ग्राहक पैसे तेथल्या तेथे मोजतो; पुरवठादाराचे बिल मात्र काही आठवड्यांनी द्यावयाचे असते. चादर भाजीसारखी कुजत नाही आणि कपड्यांइतकी लवकर जुनीही दिसत नाही. भट्ट्या आणि यंत्रे यांवर दर काही वर्षांनी अवाढव्य भांडवल ओतावे लागत नाही. चांगले चालणारे दुकान त्यामुळे नफ्याचा बराच भाग खरोखरीच्या पैशात रूपांतरित करू शकते. कागदावरचा नफा आणि गल्ल्यातील रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लाभांश गल्ल्यातूनच द्यावा लागतो.

जून २०२४ मध्ये संपलेल्या हिशेबी वर्षात डनेल्मला दर भागामागे सुमारे ७४ पेन्स नफा झाला. त्या वर्षाचा नेहमीचा लाभांश ४३.५ पेन्स होता. त्याशिवाय ३५ पेन्सचा विशेष लाभांश देण्यात आला. बेरीज ७८.५ पेन्स होते, म्हणजे कमाईहून वाटप अधिक! यात लबाडी काही नाही. कंपनीने आपल्या डोक्यावर किती कर्ज असावे याची एक मर्यादा ठरवली आहे. कर्ज त्याहून बरेच खाली गेले की जादा रक्कम ती भागधारकांना परत करते. पण विशेष लाभांश हा वायदा नव्हे. तो हिशेबात धरून भागाचे उत्पन्न मोजणे म्हणजे दिवाळीची बक्षिशी पगारात धरून घरभाडे ठरवणे होय. शिवाय लाभांशाचा हक्क ज्या दिवशी सुटतो, त्या दिवशी भागाची किंमतही साधारण तितकीच उतरते. एका खिशातले दुसऱ्या खिशात आले एवढेच.

नेहमीचा लाभांश तरी पक्का असतो काय? २०१९ च्या शरद ऋतूत या कंपनीने ३२ पेन्सचा विशेष लाभांश दिला होता. २०२० च्या फेब्रुवारीत तिने अंतरिम लाभांश जाहीर केला. मार्चमध्ये महामारीने दुकानांना टाळे लावले आणि जाहीर झालेला तो लाभांश कंपनीने मागे घेतला. विक्री थांबली, पण भाडे थांबत नाही. अशा वेळी पैसा राखून ठेवणे हेच मंडळाचे कर्तव्य होते. पुढे घरात कोंडलेल्या लोकांना आपले विटलेले पडदे आणि दबलेल्या उशा दिसू लागल्या, विक्री झपाट्याने वाढली आणि २०२१ साली एकट्या विशेष लाभांशाचा आकडाच ६५ पेन्स झाला. ज्याने वर्षभराचा घरखर्च वेगळा ठेवला होता, त्याला मधला काळ निभावता आला. ज्याची चूल त्याच रकमेवर पेटत होती, त्याला पडत्या बाजारात भाग विकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

याच व्यवसायाची दुसरी कहाणी अमेरिकेतील आहे, आणि ती कडू आहे. ‘बेड बाथ अँड बियाँड’ ही कंपनी १९७१ साली न्यू जर्सीत वॉरन आयझेनबर्ग आणि लिओनार्ड फाइनस्टाइन यांनी स्थापन केली. वीस टक्के सवलतीचे तिचे निळे कूपन अमेरिकेत घरोघर ठाऊक होते. तिने बराच काळ लाभांश दिला नाही. अब्जावधी डॉलर मात्र स्वतःचेच भाग बाजारातून परत विकत घेण्यात घातले, आणि २०१४ साली त्याकरिता कर्जही उभारले. २०१६ साली १२.५ सेंटचा तिमाही लाभांश सुरू झाला. २०१९ पर्यंत तो १७ सेंट झाला होता. त्याच सुमारास भागाची किंमत, जी कधी ८० डॉलरांच्या आसपास होती, ती १० डॉलरांजवळ आली. वर्षाचे ६८ सेंट आणि किंमत १० डॉलर, म्हणजे परतावा जवळजवळ सात टक्के! ठेवीच्या व्याजाशी तुलना करणाऱ्याला हा आकडा मोहक वाटला असल्यास नवल नाही.

परंतु परताव्याची टक्केवारी हा अपूर्णांक आहे. अंश वाढला तरी तो वाढतो आणि छेद आक्रसला तरी वाढतो. येथे छेद आक्रसला होता, आणि त्यामागे ग्राहकांचे दुरावणे होते. २०२० साली लाभांश थांबला. २०२२ साली पुरवठादारांचा विश्वास उडाला. ते उधारी आखडती घेऊ लागले, आणि माल नाही म्हणून फळ्या रिकाम्या दिसू लागल्या. जी उधारी चांगल्या दिवसांत दुकानाचा गल्ला भरते, तिचेच असे उलटे रूप होते. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी सप्टेंबरात तिचे जुने भाग रद्द झाले. भागधारकाच्या हाती एक सेंटही आला नाही.

तेव्हा असे भाग उत्पन्नासाठी घेणाऱ्याने टक्केवारी शेवटी पाहावी. आधी पाहावे ते हे, की नफा लाभांशाच्या किती पट आहे. दीडपटीच्या खाली गेला, तर एका मंद हंगामाने लाभांशाला कात्री लागू शकते. मग गोदामातील माल विक्रीपेक्षा वेगाने वाढतो आहे काय, हे तपासावे; न खपलेला माल अखेर तोट्यात विकावा लागतो. दुकानांच्या दीर्घ मुदतीच्या भाडेकरारांचे ओझे ताळेबंदात नमूद असते, तेही वाचावे, कारण ते कर्जाचेच भावंड आहे. आणि घरांची खरेदी-विक्री मंदावली की पडद्यांची खरेदीही मंदावते, याकडे लक्ष असावे. जुना पडदा आणखी एक वर्ष सहज चालतो.

भारतात राहून असे परदेशी भाग घेणाऱ्यापुढे आणखी एक हिशेब असतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. ब्रिटन सामान्य कंपन्यांच्या लाभांशावर मुळातून कर कापत नाही. भारतात मात्र तो उत्पन्नात धरला जाऊन ज्याच्या त्याच्या दराने कर बसतो. देशी कंपन्यांचा लाभांशही एप्रिल २०२० पासून असाच भागधारकाच्या हाती करपात्र झाला आहे. पेन्सचे रुपये होताना पौंडाचा भाव काय असेल, हे कंपनीचे संचालकही सांगू शकत नाहीत. त्या दिवशी बँक जो दर लावील तोच खरा.