पुन्हा अर्धं तिकीट



लहानपणी आपण अर्ध्या तिकिटावर मामाकडे जायचो. पासष्टीनंतर एसटीत पुन्हा तेच तिकीट! आपल्या वर्गातल्या मुलींना तर मार्च २०२३ पासून वयाचीही अट नाही. आणि सर, बाई, तुम्ही पंचाहत्तरीपुढचे. तुम्हाला ऑगस्ट २०२२ पासून राज्यभर फुकट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच.

कर्वेनगरात आमच्या सोसायटीतली बरीच जोडपी दिवाळीत मुलांची वाट बघत बसतात. मी स्वारगेट गाठतो. साताऱ्याला थोरली बहीण आहे, ऐंशीची. गुडघ्यांमुळे तिला एसटीची पायरी चढवत नाही. तिचा फुकट प्रवास कागदावरच. तेव्हा भाऊबीजच कशाला, मे महिन्यातही मीच जातो.

सवलतीसाठी लागणारं कार्ड तेवढं खिशात ठेवा. आणि सणाची जागा आधीच आरक्षित करा. साताऱ्यापर्यंत उभं राहणं आता जमत नाही.