लेकरू शाळेच्या हवाली



जिल्ह्यातल्या शिक्षकांची ही परिषद आमच्या नाशिक रोडला भरते आहे. नोटांचा छापखाना ही आमच्या गावाची देशभर ओळख. पण शिक्षकांना जवळचे वाटावे असे इथे आहे ते मध्यवर्ती कारागृह. अमळनेरच्या वसतिगृहातल्या मुलांना आईची माया देणाऱ्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगातच ‘श्यामची आई’ लिहिली.

गुरुजींनी जे मायेपोटी केले, ते आज कायद्यानेही आपल्यावर बंधनकारक आहे. पहिली जबाबदारी मुलांच्या जिवाची. १९९५च्या मे महिन्यात पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली आणि १४ मुले बुडाली. शिक्षकांवर खटला झालाच. पण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या व्यवस्थापनालाही जबाबदार धरले आणि प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपये भरपाई कायम ठेवली. सहलीचा आनंद मुलांचा, पण पाण्याचा अंदाज घेणे मोठ्यांचे काम. तरी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडालेच.

दुसरी जबाबदारी, मुलांवरील अत्याचार न दडवता कळवण्याची, याहून अवघड आहे, कारण तिथे आपलीच माणसे आड येतात. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्यांवरील अत्याचाराने महाराष्ट्र हादरला. अशा वेळी ‘शाळेचे नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवायला सांगणारे कोणीतरी असतेच. बाललैंगिक अत्याचारविरोधी पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. खात्री करून मगच कळवू, ही सबब कायदा मानत नाही.

मी स्वतः संस्थाचालक आहे. म्हणून माझ्या बरोबरीच्यांना स्पष्ट सांगतो : सहलीला साठ-सत्तर मुलांमागे एकच शिक्षक धाडायचा, आणि काही विपरीत घडले की त्यालाच निलंबित करून मोकळे व्हायचे, हा अन्याय आहे. पुरेशी माणसे आणि सुरक्षित इमारत देणे हे आमचे कर्तव्य आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमलेली सखी सावित्री समितीही कागदावरून उठून कामाला लागली पाहिजे.

मुख्याध्यापकांनो, पुरेसे शिक्षक सोबत नसतील तर सहलीच्या परवानगीवर सही करू नका. संस्थेने दबाव आणला, तर या परिषदेने तुमच्या पाठीशी उभे राहावे. तसा ठराव आजच करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.